घरचे चांगले आहेत तरी घुसमट होते, मी स्वार्थी आहे का?

तुझा प्रश्न काल रात्री वाचला आणि आज सकाळी परत वाचला, कारण काल जे उत्तर सुचलं ते मला पुरेसं वाटलं नाही. ज्यांनी मूळ प्रश्न वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ही मुलगी १७ वर्षांची आहे, घरात आई, बाबा, धाकटा भाऊ. मारझोड नाही, व्यसन नाही, सगळे जीव लावणारे. पण आई दार न वाजवता खोलीत येते, फोन उघडा दिसला की चाळते. बाबा एकाच संध्याकाळी "तू अजून लहान आहेस" पण म्हणतात आणि "एवढी मोठी झालीस तरी कळत नाही" पण म्हणतात. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ती आईला सगळं सांगायची, आता काहीच सांगावंसं वाटत नाही, आणि सांगितलं नाही म्हणून रात्री वाईट वाटतं. पुढच्या शिक्षणाला लांब कुठेतरी जावं असं फार वाटतं, पण ते मनात आलं की आईचा चेहरा डोळ्यासमोर येतो. शेवटी तिनं विचारलंय, "इतके चांगले आईबाबा असून मला त्यांच्यापासून लांब जावंसं वाटतं, मी स्वार्थी आहे का? आणि तुमचं उत्तर आईला दाखवलं तर चालेल का?"

आधी सरळ उत्तर देऊन टाकते, म्हणजे बाकीचं वाचताना ते टोचत राहणार नाही. नाही, तू स्वार्थी नाहीस. आईचा चेहरा आठवून जिला झोप लागत नाही तिला मी तरी स्वार्थी म्हणणार नाही. गेली २२ वर्षं मी वयात येणाऱ्या मुलामुलींबरोबर आणि त्यांच्या घरच्यांबरोबर समुपदेशनाचं काम करतेय, आणि तुझ्यासारखा प्रश्न घेऊन येणारी कितीतरी मुलं अशाच जीव लावणाऱ्या घरातली असतात. तुझी अडचण अशी आहे की राग येतो पण तो ठेवायचा कुठं तेच कळत नाही, कारण समोरचा माणूस वाईट नाहीये, मग तो राग फिरून स्वतःवरच येतो आणि तू त्याला स्वार्थ हे नाव देऊन टाकलंयस.

आता थोडं हातचं राखून बोलते, कारण मी तुला भेटलेले नाही आणि आईबाबांची बाजू ऐकलेली नाही. खाली लिहिलंय ते सगळं "घरात भीती नाही" हे धरून लिहिलंय. घरात कोणाची भीती वाटत असेल, कोणी हात उचलत असेल, किंवा कोणी अंगचटीला येत असेल आणि ते तू इथं लिहिलं नसशील, तर यातलं काही करत बसू नको, आधी विश्वासाच्या एखाद्या मोठ्या माणसाला नाहीतर मुलांसाठीच्या हेल्पलाइनला सांग. तसंच "नको झालंय सगळं" असे विचार येत असतील, स्वतःला इजा करावीशी वाटत असेल तर तो स्वातंत्र्याचा प्रश्न नाही, तिथं डॉक्टर किंवा समुपदेशक लगेच हवा. आणि आणखी एक. आई फोन बघते त्यामागे आधी काही घडलंय का, कोणी त्रास दिला होता का, काही लपवलेलं सापडलं होतं का, हे मला माहीत नाही. घडलं असेल तर तिची भीती वेगळी आणि तिला लागणारा वेळही वेगळा.

हे सोडून तू जे लिहिलंयस त्यात मला प्रश्न वेगळा दिसतो. तू तो "घर की स्वातंत्र्य" असा मांडलायस, जणू एक घेतलं की दुसरं गेलं. मला त्यात दोन निराळ्या गोष्टी एकमेकांत गुंतलेल्या दिसतात. एक, तुझ्या घरात कुठला निर्णय कोणाचा हे कोणी कधी बोललेलंच नाही, सगळं अंदाजावर चाललंय. दोन, तुझ्याबद्दलची माहिती आईपर्यंत पूर्वी तुझ्याकडून जायची, आता ती तुझ्याकडून जात नाही म्हणून आई स्वतःच ती काढायला लागलीय. लांब गेलीस तरी यातलं काही आपोआप सुटत नाही, फोनवर पण हीच भांडणं होतात, मी बघितलीयत.

तुला आत्ता जे वाटतंय ते तुला दुसऱ्यांदा वाटतंय, पहिल्यांदाचं तुला आठवत नाही इतकंच. दीड वर्षाचं मूल नुकतं चालायला लागलेलं बघ कधीतरी. आईच्या मांडीवरून उतरतं, चार पावलं लांब जातं, मग थांबून मागे वळून बघतं, आई आहे ना, मग परत चार पावलं. कधी मध्येच घाबरून पळत येऊन पदराला बिलगतं आणि तिनं उचलून घेतलं की लगेच खाली उतरायला हातपाय झाडतं. पीटर ब्लॉस नावाच्या मनोविश्लेषकानं १९६७ मध्ये मांडलं की किशोरवयात हेच दुसऱ्यांदा होतं. लहानपणी आईपासून शरीरानं सुटं व्हायचं असतं, आता मनात जे आईबाबा बसलेले असतात त्यांच्यापासून सुटं होऊन स्वतःचं मत बनवायचं असतं. म्हणून तर भांडण समोरच्या आईशी कमी आणि डोक्यातल्या आईशी जास्त चालतं. तिनं काही म्हणायच्या आधीच तुला तिचं उत्तर ऐकू येतं, तिचा चेहरा दिसतो, आणि तू खोलीत एकटी असताना सुद्धा चिडतेस.

फरक एवढाच की दीड वर्षाच्या मुलाला कोणी स्वार्थी म्हणत नाही. सगळे टाळ्या वाजवतात. आणि मागे वळून बघणं हा पण त्या चालण्याचाच भाग आहे हे सगळ्यांना कळतं. तुझं रात्री वाईट वाटणं हे मला तसं मागे वळून बघणं वाटतं. तू चाललीयेस म्हणूनच वळून बघतेयस.

आता निर्णयांचं बोलू, कारण खरं पाणी तिथं मुरतंय. ज्युडिथ स्मेटाना या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८० च्या दशकापासून किशोरवयीन मुलं आणि आईबाबा यांना वेगवेगळं बसवून एकाच भांडणाबद्दल विचारायचं काम केलंय. भांडणं कशावरून, तर खोलीचा पसारा, कपडे, केस, घरी यायची वेळ, फोन, मित्रमैत्रिणी, असलंच रोजचं. चोरी करावी का, कोणाला मारावं का यावर मुलं आणि आईबाबा भांडतच नाहीत, तिथं दोघांचं मत जवळपास एक असतं. मग रोजच्या गोष्टीवर इतकं का पेटतं? तर मुलगी म्हणते "हा माझा प्रश्न आहे" आणि आई म्हणते "हा घराच्या शिस्तीचा प्रश्न आहे" किंवा "हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे". म्हणजे दोघी एकाच गोष्टीवर बोलत असतात पण ती गोष्ट कुठल्या खान्यात टाकायची यावरच एकमत नसतं. अमेरिकेत सुरू झालेलं हे काम नंतर हाँगकाँगसारख्या बऱ्याच वेगळ्या समाजांत पण झालं आणि तिथली मुलं पण "हे माझं आहे" असंच म्हणाली, फक्त म्हणायची पद्धत वेगळी.

हे मला कळलं तेव्हापासून माझ्याकडे आलेल्या घराला मी पहिलं काम हेच देते. वही घ्यायची, आठवड्यात ज्या ज्या गोष्टीवर वाजलं ती प्रत्येक गोष्ट लिहायची आणि समोर प्रत्येकानं स्वतंत्र लिहायचं, हे कोणाचं. मुलीचं, घराचं, की धोक्याचं. एकमेकांचं न बघता. एका घरात "केस कापणे" या ओळीपुढे मुलीनं लिहिलं होतं "माझं", बाबांनी लिहिलं होतं "घराचं" आणि आईनं बराच वेळ पेन हातात धरून काही लिहिलंच नाही. मग म्हणाली, "मला माझ्या आईनं कापू दिले नव्हते." त्या दिवशी पुढं केसांवर बोलणंच झालं नाही, गरज पण उरली नाही.

तुझ्या बाबांची दोन वाक्यं पण मी याच खान्यांत टाकून बघितली. "तू अजून लहान आहेस" हे ते कधी म्हणतात आठव. माझा अंदाज, बाहेर जायचं असतं, उशीर होणार असतो, कोणाबरोबर जायचं असतं, म्हणजे धोक्याच्या खान्यात. आणि "एवढी मोठी झालीस तरी" हे कधी? काम पडून राहिलं, भावाला बघितलं नाही, वस्तू जागेवर नाही, म्हणजे घराच्या खान्यात. त्यांच्या डोक्यात विसंगती नाहीचे, ते दोन वेगळ्या विषयांवर बोलतायत. पण ऐकणाऱ्याला काय ऐकू येतं, तर जबाबदारी आली की मी मोठी आणि मोकळीक आली की मी लहान. हे धड लहान नाही धड मोठी नाही असं लोंबकळत राहणं किती दमवतं ते मला माहितीये, आणि यात तुझं म्हणणं मला रास्त वाटतं. कामं मोठ्या माणसाची द्यायची असतील तर त्यासोबत थोडे निर्णय पण मोठ्या माणसाचे द्यायला हवेत.

धोक्याच्या खान्यात मात्र मी पूर्ण तुझ्या बाजूनं नाही. २००५ मध्ये मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी एक प्रयोग केला होता, कम्प्युटरवर गाडी चालवायचा खेळ, सिग्नल पिवळा झाला की थांबायचं की दामटायची हे ठरवायचं. काहींनी एकट्यानं खेळायचं, काहींनी बरोबरीचे मित्र बघत असताना. १३ ते १६ च्या मुलांनी मित्र बघत असताना एकट्यानं खेळणाऱ्यांपेक्षा खूप जास्त धोका घेतला, १८ ते २२ वाल्यांनी पण घेतला पण तितका नाही, आणि २४ च्या पुढच्यांना मित्र असल्या नसल्यानं फारसा फरक पडला नाही. म्हणजे एकटी असताना तू जितकी शहाणी असतेस तितकी चार जणांत असताना असशीलच असं नाही, आणि यात तुझा दोष नाही, ते वयच तसं असतं. म्हणून बाबा "कोण कोण आहे बरोबर" विचारतात तेव्हा तो प्रश्न मला तुझ्यावरचा अविश्वास वाटत नाही. तुला ज्या मोकळिकी मागायच्या असतील त्या आधी अशा माग जिथं चूक झाली तर ती दुरुस्त करता येते. रात्रीच्या प्रवासापासून सुरुवात करू नकोस.

मग कुठून करायची? एक मुलगा आठवतो, १६ वर्षांचा, त्याची आणि आईची रोज सकाळी भांडणं व्हायची. ती साडेपाचपासून हाक मारायची, तो "हो हो" म्हणून कूस बदलायचा, ती पांघरूण ओढायची, तो ओरडायचा, शेवटी दोघंही रडवेले होऊन घराबाहेर पडायचे. आधी मी त्या आईला झोपेचं सांगितलं, की वयात येताना शरीराचं घड्याळच पुढं सरकतं, झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा वाढायला लागतं, त्यामुळे त्याला लवकर झोप येत नाही हे नाटक नाही, आणि १३ ते १८ या वयात ८ ते १० तास झोप लागते ती त्याला मिळत नाहीये. ते तिला पटलं पण सकाळ काही बदलली नाही, कारण उठवणं हे काम तिचंच राहिलं होतं.

मग आम्ही ठरवलं की सकाळ त्याची. पूर्ण. गजर त्यानं लावायचा, उठायचं त्यानं, उशीर झाला तर वर्गात कारण त्यानं सांगायचं, आईनं चिठ्ठी द्यायची नाही. एक महिना. पहिल्या आठवड्यात तो तीनदा उशिरा गेला. तिसऱ्या वेळचं तिनं मला नंतर सांगितलं. गजर वाजून बंद झाला, ती त्याच्या दाराबाहेर उभी, हात कडीवर, घड्याळात सहा पस्तीस, आतून घोरल्याचा आवाज येतोय आणि ती स्वतःशीच पुटपुटतेय की नाही, नाही, नाही. मग ती बाथरूममध्ये गेली आणि नळ पूर्ण सोडून उभी राहिली, गजर परत वाजला तर तो ऐकू येऊ नये म्हणून. तो सव्वासातला उठला, काही बोलला नाही, धावत गेला, ऐकून घेतलं. दुसऱ्या आठवड्यात त्यानं फोन उशाशी ठेवायचा बंद करून खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवला, गजर बंद करायला उठावंच लागेल म्हणून. त्याला हे कोणी सुचवलं नव्हतं.

यात मला लक्षात राहिलेली गोष्ट गजर नाहीये. महिन्यानंतर ती आई म्हणाली, "आता तो संध्याकाळी माझ्याशी बोलतो." सकाळचं भांडण गेलं तशी संध्याकाळची जागा मोकळी झाली.

तू पण अशी एकच गोष्ट निवड. एकच, पण सगळीच्या सगळी, म्हणजे त्यातला निर्णय पण तुझा आणि बिघडलं तर निस्तरायचं पण तू. सकाळ असेल, स्वतःचे कपडे धुण्यापासून कपाटापर्यंत असेल, अभ्यासाचं वेळापत्रक असेल, महिन्याचा हातखर्च असेल, स्वतःचे सगळे महत्त्वाचे कागद कुठं आहेत आणि अर्ज कसा भरायचा हे असेल, डॉक्टरकडे गेल्यावर आईऐवजी स्वतः काय होतंय ते सांगणं असेल. अर्धी घेतलेली गोष्ट सगळ्यात वाईट, कारण मग निर्णय तुझा आणि निस्तरणं आईचं होतं, आणि तिथंच "एवढी मोठी झालीस तरी" सुरू होतं. बिघडलं तर बिघडू दे, पण मदत लागली तर "आई हे मला येत नाही, दाखव" असं म्हण, "तूच कर" असं म्हणू नको.

आता फोनचं. हे नाजूक आहे. २००० साली हाकान स्टॅटिन आणि मार्गारेट कर यांनी स्वीडनमधल्या १४ वर्षांच्या मुलांचा आणि त्यांच्या आईबाबांचा अभ्यास केला. तोपर्यंत असं समजलं जायचं की आईबाबा जितकं जास्त लक्ष ठेवतील, विचारतील, नियम लावतील तितकं त्यांना मुलाबद्दल कळतं. यांनी बघितलं तर आईबाबांना जे माहीत होतं त्यातलं बहुतेक मुलांनी आपणहून सांगितल्यामुळे माहीत होतं. विचारून विचारून किंवा पाळत ठेवून त्यापेक्षा बरंच कमी. हे मी आईबाबांना सांगते तेव्हा ते थोडे हिरमुसतात, पण जरा विचार केला की मान डोलावतात, कारण अनुभव तोच असतो. फोन चाळून तुझ्या आईला काय मिळत असेल? अर्धवट वाक्यं, टोपणनावं, हसण्याची चिन्हं. त्यातून तिला तू कळत नाहीस, नुसती काळजी वाढते, मग ती आणखी चाळते.

पण त्या अभ्यासाची दुसरी बाजू तुझ्याकडे येते. तू सांगणं पूर्ण बंद केलंस तर तिच्याकडे काहीच उरत नाही. सगळं सांग असं मी म्हणत नाहीये, १७ व्या वर्षी सगळं सांगायचंही नसतं. मी मुलांना सांगते की रोज एक गोष्ट आपणहून सांगायची, कोणी न विचारता, आणि ती खरी असावी, "सगळं ठीक" नाही. आज वर्गात अमुक झालं, मला याचं वाईट वाटलं, हिच्याशी माझं बिनसलंय. आणि जे सांगायचं नाही त्याला खोटं न बोलता "हे मला आत्ता सांगायचं नाही, पण काळजी करण्यासारखं नाही, तसं काही झालं तर तुला सांगेन" असं म्हणायचं. हे वाक्य तोंडात बसायला वेळ लागतो, आरशासमोर म्हणून बघ खरंच. आणि मग ते पाळावं लागतं, म्हणजे खरंच काळजीचं काही झालं तर त्या दिवशी सांगावं लागतं.

खासगीपणा हा तुझा हट्ट नाही हे पण सांगते. १९८९ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी बालहक्कांचा करार स्वीकारला, १८ वर्षांखालच्या सगळ्यांसाठी, त्यात १६ वं कलम मुलांच्या खासगी आयुष्याच्या संरक्षणाचं आहे. आणि त्याच करारात ५ वं कलम आईबाबांच्या मार्गदर्शनाबद्दल आहे, ते मार्गदर्शन मुलाच्या वाढत्या क्षमतेला धरून असावं असं त्यात म्हटलंय. मला हा "वाढती क्षमता" शब्द फार आवडतो, कारण तो दोघांनाही कामाला लावतो, तुला क्षमता दाखवावी लागते आणि त्यांना हात थोडा थोडा सैल करावा लागतो. पण जेवताना कलमं वाचून दाखवू नकोस, कलमांनी घरातलं भांडण कोर्टासारखं होतं.

दाराबद्दल मला स्वतःचं थोडं सांगायचंय. मी १५ वर्षांची असताना माझी वही घरातल्या एका मोठ्या माणसानं वाचली होती. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं, नुसतं काहीबाही लिहिलेलं. पण त्यानंतर जवळजवळ सहा वर्षं मी एक ओळ लिहिली नाही. वाचणाऱ्याला हे कधी कळलंच नाही, त्यांच्या लेखी ती पाच मिनिटांची गोष्ट होती. म्हणून आई दार ढकलून आत येते आणि "काय करतेयस" म्हणते तेव्हा तुझ्या पोटात जो गोळा येतो तो मला कळतो, तू काही वाईट करत नसलीस तरी येतो तो.

डोनाल्ड विनिकॉट हे बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक होते, त्यांनी १९५८ मध्ये लिहिलंय की एकटं राहता येणं ही क्षमता मूल दुसऱ्याच्या सोबतीतच शिकतं. आई तिथंच असते पण मध्ये पडत नाही, मूल आपल्याच नादात असतं, तिथं ते एकटं असायला शिकतं. बंद दाराचं पण तेच आहे. दाराच्या आत तू आणि बाहेर घरातले आवाज, भांड्यांचे, टीव्हीचे, भावाच्या बडबडीचे, हे दोन्ही एकदम हवं असतं. दार लावणारी मुलगी घर सोडून चालली असं आईला वाटतं, आणि तिला हे कोणीतरी सांगायला हवं की मुलगी दार लावून सुद्धा घरातच बसलीय.

लांब जायच्या इच्छेबद्दल मी मुद्दाम शेवटी लिहितेय, कारण ती चांगली इच्छा आहे पण तिच्यावर तू सगळा भार टाकलायस. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांच्या कामात एक भेद आहे जो मला रोज उपयोगी पडतो, स्वतःच्या मनानं वागणं वेगळं आणि कोणावरही अवलंबून नसणं वेगळं. आईवर खर्चासाठी अवलंबून असूनही माणूस मनापासून स्वतःचे निर्णय घेऊ शकतो, आणि हजार किलोमीटर लांब राहूनही घेऊ शकत नाही. माझ्याकडे एक मुलगा आला होता, घर सोडून वर्ष झालेलं, तरी शर्ट कुठला घालू इथपासून सगळं आईला फोटो पाठवून विचारायचा आणि मग तिच्यावरच चिडायचा. जायचं असेल तर जा, चांगला कोर्स असेल, तिथलं शिकणं आवडत असेल तर जरूर जा. पण नुसतं सुटायला जायचं असेल तर आधी घरातच हे थोडं करून बघ, म्हणजे जाताना अर्धं भांडण बॅगेत भरून नेशील असं होणार नाही.

विषय कधी काढायचा? भांडण चालू असताना नाही, परीक्षेच्या आदल्या दिवशी नाही, आणि बाबा दमून आलेत त्या वेळी नाही. दोघी शेजारी शेजारी असाल, हाताला काहीतरी काम असेल, एकमेकींच्या डोळ्यांत बघायची सक्ती नसेल अशी वेळ बरी, चालताना, घड्या घालताना. "तू नेहमी" आणि "तू कधीच" हे दोन शब्द वगळून बोल. काय होतं, मला काय वाटतं, मला काय हवं आणि त्याबदल्यात मी काय घेते, बस. उदाहरणार्थ, "आई, तू दार न वाजवता आलीस की मी दचकते, मला लपवायचं काही नसतं तरी दचकते. एक महिना वाजवून येशील का? मी सकाळचं सगळं माझं मी बघते, तू उठवू नकोस." फोनचा विषय त्या दिवशी काढू नको. दाराचं आधी, ते जमलं की फोनचं, आणि लांब जायचं सगळ्यात शेवटी. एका बैठकीत तिन्ही काढलेस तर तिला एकच ऐकू येईल, की मुलगी चालली.

ती लगेच हो म्हणेल असं नाही. काही आया चिडतात, काही रडतात, काही हो म्हणून दुसऱ्या दिवशी विसरतात. विसरली तर टोमणा न मारता "दार" एवढंच म्हण. महिनाभर तू तुझी बाजू नीट पाळलीस आणि तरी काहीच हललं नाही, तर दोघींचं ऐकणारं तिसरं माणूस शोध, मावशी, आत्या, एखादी शिक्षिका किंवा शाळाकॉलेजातली समुपदेशक. घरातल्या धाकट्या भावाला मात्र यात निरोप्या करू नकोस.

आणि आईला दाखवायचं का, तर हो, दाखव. फॉरवर्ड करू नको, शेजारी बसून दे वाचायला. ताई, तुम्ही हे वाचत असाल तर एवढंच सांगते, दोन वर्षांपूर्वी ती तुम्हाला सगळं सांगायची याचा अर्थ तेव्हा तुम्ही काहीतरी फार बरोबर करत होतात, ते वाया गेलेलं नाही. तिनं तिच्या प्रश्नात तुमच्याबद्दल एक वाईट शब्द लिहिलेला नाही, मी दोनदा वाचलाय. तुम्हाला रिकामं वाटत असेल, जिला पोटाशी धरून वाढवलं ती दार लावून बसते तेव्हा वाटणारच, आणि त्या रिकामपणावर पण कोणाशी तरी बोला, फक्त तिच्याशी नको, तिला ते उचलायला लागेल.

वाचून आई गप्प बसली तर त्या दिवशी तिच्याकडून उत्तर मागू नकोस, तिला तिचा वेळ दे. आणि महिन्याभरानं मला परत लिही, सकाळी तुझी तू उठलीस का आणि दार वाजलं का, दोन्ही लिही.